अक्कल आणि उंटाची दोरी

एखाद्याची अक्कल ठिकाणावर नाही असे आपण म्हणतो, तेव्हा अरबस्तानातील उंट कोणाला आठवत नाही. आठवायला मात्र हरकत नाही. ‘अक्ल’ हा शब्द ज्या अरबी धातूपासून झाला त्याचा अर्थ बांधणे. बसलेल्या उंटाचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून ज्या दोरीने बांधतात ती ‘इकाल’. तिच्यामुळे उंट भरकटत नाही. तसेच मनाला आवरून धरते ती अक्ल, अशी व्युत्पत्ती अरबी कोशकार देतात.

वेसणीच्या दोरीला निराळे नाव, ‘झिमाम’. खोगीर ‘रहल’, आणि त्याच धातूपासून प्रवास ‘रिहला’. चाबूक तो ‘सौत’. रक्त आणि मांस एकत्र कालवतो म्हणून हे नाव, असे कोशकार शांतपणे लिहून जातात! ११ व्या शतकात स्पेनमधील इब्न सीदाने आपल्या विषयवार कोशात उंटासाठी वेगळा भागच राखला.

अशा शब्दाच्या अर्थावर कधी फार काही अवलंबून असते. ६३२ साली पैगंबरांच्या निधनानंतर काही टोळ्यांनी जकात नाकारली. पूर्वी देत तो एक इकाल जरी रोखला तरी आपण लढू, असे खलिफा अबू बक्र यांनी बजावल्याचे परंपरा सांगते. पुढे पंडितांत वाद पडला. इकाल म्हणजे नुसती दोरी, की वर्षाची सगळी जकात? काही पाठांत तर दोरीऐवजी करडूच आहे. मला दोरीच पटते. लढाईला उभा राहिलेला माणूस वर्षाच्या कराचा हिशेब सांगत बसेल, असे वाटत नाही.