डोंगरातील गाडीवाट : निवड आणि खबरदारी

पोलादपूरहून निघालेला रस्ता आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरास पोहोचतो. महाडहून निघालेला रस्ता वरंध घाटाने सह्याद्री ओलांडून भोरकडे जातो. हे डांबरी मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्यांच्या दोन्ही अंगांना मुरमाच्या, खडीच्या आणि निव्वळ मातीच्या वाटांचे एक वेगळेच जाळे पसरलेले आहे. कोठे पाणीयोजनेचे नळ नेण्यासाठी काढलेला कच्चा रस्ता, कोठे जंगलातील जुनी लाकूडवाट, तर कोठे डोंगरमाथ्यावरील धनगरवाड्याकडे जाणारी पाऊलवाट. आजारी माणसाला डोलीत घालून याच वाटांनी खाली आणावे लागे, आणि काही वाड्यांना आजही तो प्रसंग चुकलेला नाही.

अलीकडे या वाटांवर निराळ्या प्रकारचे वाहनचालक येऊ लागले आहेत. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरविणाऱ्या जीपगाड्या आणि उंच बांधणीच्या मोटारसायकली घेऊन हौशी मंडळी डोंगराकडे वळतात. चिखल, ओढा, खडा चढ अशी जी अडचण गावकरी शक्यतो टाळतो, तीच त्यांना हवी असते. त्यात गैर काही नाही. साहसाची आवड ही तरुण मनाची स्वाभाविक भूक आहे. मात्र ती कोणत्या वाटेवर भागवावी, याचा विचार वाहनचालकाने आणि त्याहूनही अधिक ग्रामपंचायतीने करणे अगत्याचे झाले आहे. पावसात भिजलेल्या कच्च्या रस्त्यावरून सात-आठ जड गाड्या गेल्या, तर त्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात. पाहुणे रविवारी सायंकाळी निघून जातात. सोमवारी त्याच रस्त्याने शाळेचे शिक्षक, आरोग्यसेविका आणि दुधाचे कॅन जायचे असतात.

या भागाची जमीनच तशी आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याच्या थरावर थर साचून तयार झाला. त्यावर झिजलेल्या खडकाचा मुरूम आणि तांबडी माती यांचे आवरण आहे. कातळ पाणी मुरू देत नाही. त्यामुळे माथ्यावर मुरलेले पाणी माती व कातळ यांच्या सांध्यातून वाहू लागते आणि वरचा थर सुटतो. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतांशी चार महिन्यांत. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील कोंढाळकरवाडी दरडीखाली गाडली जाऊन ऐंशीहून अधिक माणसे दगावली. या आपत्तींचे कारण गाड्या नव्हेत, हे स्पष्टच आहे. तथापि उतारावर आडवी कापलेली वाट आणि तीवर पडलेली खोल चाकोरी पाण्याला नवा मार्ग काढून देते, आणि ते पाणी शेवटी कोणाच्या तरी शेताच्या बांधावर नाहीतर घराच्या पाठभिंतीवर येते. म्हणून गाडीसाठी वाट निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा की तिच्या खाली काय आहे? खाली वस्ती असेल, तर ती वाट पावसाळ्यात हौसेसाठी वर्ज्यच समजावी.

दुसरा प्रश्न मालकीचा. डोंगरात दिसणारी प्रत्येक वाट सर्वांची असते, अशी शहरी पाहुण्यांची समजूत असते. गाव नकाशा उघडून पाहिल्यास ती टिकत नाही. नकाशावर तुटक दुहेरी रेघांनी दाखविलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा, आणि तुटक एकेरी रेघेचा पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. पायमार्गावर गाडी घालणे म्हणजे शेजारच्या शेतात चाक उतरविणेच होय. तलाठ्याकडे असलेला हा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही लावला, तर पुष्कळ वाद उंबरठ्यावरच मिटतील. राखीव वनातील वाटांचा प्रश्न आणखी वेगळा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार अशा वनात विनापरवाना प्रवेश हा अपराध आहे. तेथे वनक्षेत्रपालाच्या लेखी अनुमतीवाचून गाडी नेता येत नाही. घाटमाथ्यावर महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. आंबेनळी घाट चढून जाणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ कच्च्या रस्त्यावरही लागू असतो. नोंदणी व विमा नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालविता येत नाही. शर्यतीच्या बिनक्रमांकाच्या मोटारसायकली आणि मैदानात भाड्याने फिरविण्याच्या चार चाकी उघड्या गाड्या पंचायतीच्या रस्त्यावर आणता येत नाहीत, त्या याचमुळे. शिरस्त्राण येथे डांबरी रस्त्यापेक्षा अधिक गरजेचे आहे, कारण पडणारा माणूस मातीवर नव्हे तर बहुधा दगडावर पडतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक आणि वाहनमालक जबाबदार धरले जातात.

ज्यांना चिखलातील कसब शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी बंदिस्त मैदान हाच उत्तम मार्ग. एकेरी वाहतूक, ठिकठिकाणी उभे असलेले मार्गदर्शक, प्रथमोपचाराची सोय आणि समोरून गुरे येण्याची भीती नाही, हे त्याचे लाभ. एखाद्या गावाला वरकस माळावर असे मैदान करावयाचे असल्यास त्यातून चार तरुणांना काम मिळू शकेल. परंतु माळ सपाट असावा, गावाच्या वरच्या अंगाला नसावा आणि गावाच्या झऱ्याचे पाणी त्यावरून वाहत येत नसावे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून असे उपक्रम चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची आहे. जमिनीच्या बिगरशेती वापराची चौकशी तहसील कार्यालयात आधीच केलेली बरी.

आता प्रत्यक्ष वाहन चालविण्याविषयी. हा भाग केवळ हौशी पाहुण्यांसाठी नाही. मोटारसायकलने वाडीवर जाणारा ग्रामसेवक किंवा शिक्षक यालाही तो तितकाच लागू आहे. खडा चढ समोर आला की आधी उतरून पायी पाहून यावे. माथ्यापलीकडे वाट आहे की दरी, हे गाडीत बसून कळत नाही. चढ-उतार नेहमी सरळ घ्यावा. उतारावर गाडी आडवी वळविली की ती कलंडते, आणि अशा ठिकाणचे बहुतेक अपघात वेगाने नव्हे तर याच चुकीने होतात. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या रोधावर उतरवावी. सारखा ब्रेक दाबल्याने तो तापतो आणि ऐन वेळी लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचविण्याची काहींची सवय तर घाटात जिवावरच बेतणारी. अरुंद वाटेवर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे. हा नियमही आहे आणि शहाणपणही. चिखलासाठी चाकांतील हवा थोडी कमी करणे उपयोगी पडते, मात्र डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरून घ्यावी.

पाण्याची गोष्ट निराळी. सावित्री, काळ, गांधारी या नद्यांना व त्यांच्या ओढ्यांना माथ्यावरचा पाऊस येऊन मिळतो. खाली ऊन पडलेले असताना ओढा अकस्मात फुगू शकतो. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार तरंगू लागते, आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकते. गाडी जड आहे म्हणून ती तग धरील, हा समज खोटा. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल किंवा काठी टेकवून पलीकडे चालत जाण्याची हिंमत होत नसेल, तर गाडी थांबवावी आणि ओसरण्याची वाट पाहावी. फरशीवरून पाणी वाहत असताना एस.टी. थांबते, त्यापुढे जाण्यात कोणता पुरुषार्थ आहे, हे समजत नाही.

डांबरी रस्त्यावरही घाट कसा वागतो, हे २८ जुलै २०१८ रोजी दिसले. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि तीस जणांचा अंत झाला. वाचलेला एकच इसम दरी चढून रस्त्यावर आला, तेव्हा ही बातमी बाहेर कळली. बाजूच्या कच्च्या वाटेवर तोही आधार नसतो, कारण तिथून क्वचितच कोणी जाते. म्हणून एकट्या गाडीने आडवाटेला जाऊ नये. किमान दोन असाव्यात. ओढण्याचा दोर, प्रथमोपचाराची पेटी, बॅटरी, पिण्याचे पाणी बरोबर असावे. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे पायथ्याच्या गावात सांगून जावे. ११२ आणि १०८ हे क्रमांक सर्वांना पाठ असतात, पण दरीच्या कुशीत मोबाईलला रेंज नसते. कोणत्या वळणावर ती मिळते, हे स्थानिक गुराख्यास ठाऊक असते. त्याला विचारून घ्यावे.

ग्रामपंचायतीला यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. कोणत्या वाटा गाड्यांना खुल्या, कोणत्या फक्त पायी चालण्यासाठी आणि कोणत्या जून ते सप्टेंबर पूर्ण बंद, याचा ठराव मे महिन्यातील ग्रामसभेत करून त्याची प्रत वनविभाग, पोलीस ठाणे व तहसीलदार यांना द्यावी. वाटेच्या तोंडाशी मराठीतील फलक आणि पोलीस पाटलाचा दूरध्वनी क्रमांक असावा. बंद वाटेवर एक आडवा अडसर पुरतो. मात्र त्याचे कुलूप उघडण्याची किल्ली रात्री-अपरात्री सापडेल अशा घरी ठेवावी, म्हणजे वाडीवरून एखादी बाळंतीण खाली आणावयाची झाल्यास रुग्णवाहिकेला अडसरापाशी ताटकळावे लागणार नाही.