मुष्टियोद्ध्याचे भांडवल

मुष्टियुद्धाच्या धंद्यात मनुष्य तीन गोष्टींचे भांडवल घेऊन उतरतो: देहाचा आकार, ठोशाचा जोर आणि मेहनतीने मिळविलेले कसब. खालच्या वजनी गटांत दोघेही जवळपास सारख्याच वजनाचे असतात. हेवीवेट गटाला मात्र खालची मर्यादा आहे, वरची नाही. म्हणून कोणते भांडवल किती दिवस पुरते, हे पाहावयाचे तर याच गटाकडे पाहिले पाहिजे.

प्रथम आकार. उंच माणसाचे हात लांब. दुसऱ्याच्या टप्प्याबाहेर राहून तो मारू शकतो आणि जवळ आलेल्यावर अंगाचा भार टाकून त्याला दमवू शकतो. शिवाय आकार दुरून दिसतो व तिकिटे खपवतो. म्हणून या धंद्याचे दार तो सर्वांआधी उघडतो. इटलीचा प्रीमो कार्नेरा हा सर्कशीत ताकदीचे खेळ करणारा, सुमारे साडेसहा फूट उंचीचा माणूस. १९३३ साली तो जगज्जेता झाला. पण १९३४ साली मॅक्स बेअरने त्याला पुनःपुन्हा जमिनीवर लोळविले आणि पुढच्याच वर्षी जो लुईने सहाव्या फेरीत त्याचा निकाल लावला. कमाईचा मोठा वाटा व्यवस्थापकांनी खाल्ला होता. महायुद्धानंतर त्याला कुस्त्या करून पोट भरावे लागले.

दुसरी गोष्ट जोर. ठोसा दंडातून निघतो, ही समजूत बरोबर नव्हे. तो पायाच्या चवड्यातून निघतो, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि मूठ सर्वांत शेवटी पोहोचते. घण मारणारा लोहार हे जाणतो. म्हणूनच १९१९ साली १८७ पौंडांच्या जॅक डेम्प्सीने २४५ पौंडांच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. जोडे बनविणाऱ्या कारखान्यातील कामगाराचा मुलगा रॉकी मार्सियानो सहा फूटही उंच नव्हता; पण ४९ लढतींपैकी एकही न हरता १९५६ साली तो निवृत्त झाला. वयाबरोबर पाय जातात, नजरेची चपळाई जाते. जोर मात्र सर्वांच्या शेवटी जातो. जॉर्ज फोरमनने १९९४ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, गुणांत मागे असता एका ठोशाने जगज्जेतेपद परत मिळविले ते यामुळेच.

तिसरे कसब. कसब म्हणजे काटकसर: डोके चार बोटे बाजूला सारून दुसऱ्याची मेहनत फुकट घालविणे. १९७४ साली किन्शासा येथे महंमद अलीने दोरांना टेकून याच फोरमनला ठोसे मारू दिले, दमविले आणि आठव्या फेरीत पाडले. २०२४ च्या डिसेंबरात २२६ पौंडांच्या उसिकने २८१ पौंडांच्या टायसन फ्यूरीला हरविले, तेही पायांच्या चालीवर. पण कसबाला तरुण पाय लागतात. सैन्यात जाण्यास नकार दिल्याबद्दल १९६७ ते १९७० ही अलीची ऐन उमेदीची वर्षे रिंगणाबाहेर गेली. परतल्यावर पूर्वी जे ठोसे तो चुकवीत असे, ते त्याला सोसावे लागले.

येथे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा प्रश्न उभा राहतो. तिन्ही गोष्टी एकाच देहात आहेत आणि हत्यारही तोच देह आहे. घडीव लोखंड झिजले तर बदलता येते. मेंदू बदलता येत नाही. अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली ठोशांनी मेंदूला होणाऱ्या इजेवर निबंध लिहिला. घड्याळांच्या तबकड्यांना रेडियम लावणाऱ्या कामगार मुलींचा रोग तपासणारे डॉक्टर तेच. एकाच माणसाला दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसली: धंद्याचा रोग.

कारखान्यातील मजुराला निदान शेजारी उभा असलेला सोबती असतो. मुष्टियोद्ध्याचा समव्यवसायी त्याच्यासमोर मूठ उगारून उभा असतो; त्यामुळे त्याची संघटना बांधणे फार कठीण. जो लुईने १९४२ साली दोन लढतींचे मानधन सैनिकांच्या मदतनिधीला दिले. तरी पुढे प्राप्तिकराच्या थकबाकीने त्याला गाठले आणि उतारवयात पुन्हा रिंगणात ढकलले. २००० साली अमेरिकेत अलीच्या नावाचा कायदा झाला; लढतीचे उत्पन्न किती, हे आयोजकाने योद्ध्याला सांगावे, असे त्याने ठरविले. एवढी साधी गोष्ट कायद्याने सांगावी लागली!

आकार दार उघडतो, जोर नाव देतो, कसब आयुष्य वाढविते. परंतु हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती असेल, तर तिन्ही मिळूनही म्हातारपणाची भाकरी देत नाहीत, असे आम्हांस वाटते.