पहिला माल चालला नाही? मग दुसऱ्या लॉटमध्ये काय बदलायचं?

मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला. "सर, माल चांगला आहे, सगळे कौतुक करतात, पण विकत कोणी घेत नाही. काय करू?" आज याचं उत्तर एका अमेरिकन फंक बँडच्या दुसऱ्या अल्बममधून देतो. फंक म्हणजे ज्या संगीतात ड्रम आणि बास गिटारचा ठेका पुढे असतो, पाय आपोआप हलतात, ते.

बँडचं नाव स्लाय अँड द फॅमिली स्टोन, गाव सॅन फ्रान्सिस्को. प्रमुख स्लाय स्टोन. हा माणूस आधी रेडिओवर निवेदक होता आणि दुसऱ्यांची गाणीही प्रोड्यूस करायचा, म्हणजे बाजार त्याला माहीत होता. बँडमध्ये काळे-गोरे, स्त्री-पुरुष सगळे एकत्र. त्या काळात हे फार वेगळं होतं.

१९६७ मध्ये एपिक कंपनीकडून त्यांचा पहिला अल्बम आला, 'अ होल न्यू थिंग'. जाणकार संगीतकारांनी वाहवा केली, पण विक्री झाली नाही. तेव्हा कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांनी स्लायला सांगितलं, लोकांना पटकन पोहोचेल असं काहीतरी कर.

आता इथे थांबा. तुमच्या मालाबद्दल कोणी असं बोललं तर राग येतो ना? मलाही आला होता. मसाल्याचं दुकान टाकलं तेव्हा मी बारा प्रकारचे मसाले ठेवले होते. केटरिंगवाले वास घेऊन म्हणायचे, "वा, काय मसाला आहे!" आणि शेजारच्या काकू विचारायच्या, "अरे, यातला रोजच्या आमटीला कुठला?" चार महिने मी त्यांना मसाल्याचं शास्त्र समजावत बसलो. भाडं मात्र दर महिन्याला खिशातून जात होतं.

स्लायने काय केलं बघा. 'डान्स टू द म्युझिक' हे गाणं बनवलं. ठेका सोपा. काय करायचं ते गाण्याच्या नावातच सांगितलं: नाचा! आणि गाण्यात एकेक वाद्य ओळख करून देत आत येतं. आधी ड्रम, मग गिटार, मग बास, असं. गायकही एकच नाही, आळीपाळीने गातात. म्हणजे तीन मिनिटांत अख्ख्या दुकानाचा डेमो! माणसं तीच, वाद्यं तीच. गिऱ्हाइकाला आत येण्याचा दरवाजा तेवढा मोठा केला. बँडमधल्या काहींना हा फॉर्म्युला आवडला नव्हता, तरी त्यांनी तो मन लावून वाजवला.

निकाल? १९६८ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. द टेम्प्टेशन्ससारख्या मोठ्या ग्रुपचा आवाजही त्यानंतर या दिशेने बदलला.

पण खरा धडा पुढे आहे. त्याच नावाचा अख्खा अल्बम, म्हणजे त्यांचा दुसरा, यादीत १४२ वरच अडकला! गाणं सगळ्यांनी उचललं, बाकीचा माल शेल्फवर राहिला. माझंही तसंच झालं. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'रोजच्या आमटीसाठी' लिहिलं, आतलं मिश्रण तेच, आणि एक मसाला धावायला लागला. उरलेले अकरा तसेच.

मग उरलेला माल फेकायचा का? घाई करू नका. त्या दुसऱ्या अल्बममध्ये 'हायर' नावाचं गाणं होतं, फारसं गाजलं नाही. स्लायने त्यातली कल्पना पुन्हा घेतली, नव्याने बांधली आणि १९६९ च्या 'स्टँड!' अल्बममध्ये 'आय वॉन्ट टू टेक यू हायर' म्हणून आणली. त्याच वर्षी वुडस्टॉकला लाखोंच्या गर्दीपुढे ते वाजलं. मधला तिसरा अल्बम 'लाइफ' मात्र फार चालला नव्हता. म्हणजे एक हिट मिळाला की आयुष्यभराची सोय झाली, असंही नाही.

तर लक्षात ठेवा:

१. कौतुक करणारा आणि पैसे देणारा, हे दोघं वेगळे असू शकतात. दोघांचं ऐका, पण गल्ला बघून ठरवा.

२. चव बदलण्याआधी सांगण्याची पद्धत बदलून बघा.

३. एक चालणारी वस्तू म्हणजे अख्खं दुकान चाललं असं नाही. तिच्या नफ्यातला थोडा हिस्सा पुढच्या प्रयोगासाठी बाजूला काढा.

४. न खपलेल्या वस्तूची वही ठेवा. त्यात उद्याचं 'हायर' असू शकतं.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एकच काम करा. तुमची सर्वात आवडती पण न खपणारी वस्तू समोर ठेवा आणि ती कशासाठी आहे ते चार शब्दांत लिहा. जमलं नाही, तर गिऱ्हाइकाला तरी कसं कळणार? ते चार शब्द कमेंटमध्ये टाका, मी वाचतो. भेटू पुढच्या व्हिडिओत!