पर्वतीय सायकलिंगमधील अडथळा पार करण्याच्या तंत्राचे यांत्रिक विश्लेषण

प्रस्तावना

पर्वतीय सायकलिंग हा क्रीडाप्रकार १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आकारास आला. तेथील माउंट टॅमलपायस परिसरात १९७६ मध्ये ‘रीपॅक’ शर्यतीस प्रारंभ झाला, तर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकारास स्थान मिळाले. वाटेत आडवे पडलेले ओंडके, खडक व झाडांची उघडी मुळे हे या क्रीडाप्रकाराचे अंगभूत घटक होत. ते पार करणे हा सर्वसाधारणपणे धाडसाचा विषय समजला जातो. वस्तुतः तो मुख्यत्वे भार योग्य वेळी योग्य चाकावरून काढून घेण्याचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने विवेचन केले आहे.

चाक व अडथळा

सुमारे ३४ सें.मी. त्रिज्येचे चाक (साधारणतः २६ इंची) उभ्या कडेच्या अडथळ्यास टेकले आहे, असे समजू. संथ गतीत ते केवळ ढकलून वर चढवावयाचे झाल्यास आसाशी लागणारे आडवे बल परिबलांच्या संतुलनावरून काढता येते. अडथळा ५ सें.मी. असल्यास हे बल चाकावरील भाराच्या सुमारे ०.६ पट, १० सें.मी. असल्यास भाराइतके आणि २० सें.मी. असल्यास २.२ पट येते. म्हणजे उंची ५ वरून १० सें.मी. झाल्यास बल दुपटीपेक्षा कमी वाढते, पण १० वरून २० सें.मी. झाल्यास ते दुपटीहून अधिक होते. सुमारे ३७ सें.मी. त्रिज्येच्या २९ इंची चाकास १० सें.मी. अडथळ्यासाठी ०.९४ पट बल पुरते. मोठ्या चाकाचा लाभ खरा आहे. परंतु त्याविषयी जितके बोलले जाते तितका तो मोठा नाही. पुढच्या चाकावरील भार निम्मा केला तर लागणारे बलही निम्मे होते, आणि हे स्वाराच्या हाती असते.

शरीराची हालचाल

नवशिका स्वार हँडल हातांनी वर ओढतो. यात दंड थकतात, चाक मात्र फारसे उचलले जात नाही. कुशल स्वार सीटवरून उठून, पॅडल समपातळीत ठेवून, प्रथम कोपरे व गुडघे वाकवून पुढचा भाग खाली दाबतो; नंतर हात सरळ करीत कंबर मागे नेतो. गुरुत्वमध्य मागे सरकल्याने चाक आपोआप हलके होते. गती कमी असल्यास याच वेळी पॅडलचा अर्धा फेरा जोराने मारणे उपयुक्त ठरते.

ब्रेकचा वापर अडथळ्यापूर्वीच पूर्ण व्हावयास हवा. स्पर्शाच्या क्षणी पुढचा ब्रेक दाबलेला असल्यास भार नेमका पुढे येतो, सस्पेन्शन दबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याचा धोका उद्भवतो.

पुढचे चाक पार झाले की अनेकांचे लक्ष सुटते. कंबर मागेच राहिली तर सर्व भार मागच्या चाकावर असतो. ते आदळते, ट्यूब कडेत चिमटून पंक्चर होते, सीटचा धक्का बसतो. म्हणून लगेच पाय किंचित सरळ करून शरीर पुढे आणावे लागते. ओल्या मुळांवर तर ही सारी क्रिया काटकोनातच करावी. तिरपे गेलेले चाक वर चढण्याऐवजी मुळाच्या कडेने घसरत जाते.