आधी किलोमीटर, मग मोटार
जुनी कौटुंबिक गाडी घेताना पेट्रोल की डिझेल?

खंडेनवमीच्या दिवशी म्हैसूर शहरात फेरफटका मारला, तर घरोघरी वाहने धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून उभी असलेली दिसतात. कन्नड भाषिक या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. चाकाखाली लिंबू ठेवले जाते, कोहळा फोडला जातो आणि वाहनाला हळदकुंकू वाहिले जाते. शस्त्रांची, अवजारांची व वाहनांची पूजा मराठी घरांनाही परंपरेने परिचित आहे. त्यामुळे दसऱ्यापूर्वी दारात मोटार यावी, अशी इच्छा म्हैसुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या मनात निर्माण होणे स्वाभाविकच होय.

नवी गाडी आवाक्याबाहेर असली, की पावले जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतात. तेथे पहिला प्रश्न उभा राहतो तो इंधनाचा. कोणी सांगतो, "डिझेलच घ्या, खर्च निम्म्यावर येईल." दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो, "डिझेलचे दिवस संपले." दोन्ही सल्ले देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु घेणाऱ्याचे कुटुंब वर्षाकाठी किती प्रवास करते, हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर गाडीत नसून कुटुंबाच्या प्रवासात दडलेले असते.

दरातील अंतर : काल आणि आज

डिझेल गाडी म्हणजे काटकसर, हे समीकरण एके काळी निर्विवाद होते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत झाले नाहीत. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरमागे सुमारे ७३ रुपये, तर डिझेल सुमारे ४१ रुपये होते. म्हणजे डिझेलचा दर पेट्रोलच्या निम्म्याहून थोडाच अधिक. त्या काळात विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवर चालणाऱ्या होत्या, यात नवल नाही.

पुढे चित्र पालटले. कर्नाटक शासनाने एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरील विक्रीकर वाढविला आणि त्या वर्षाच्या मध्यास बेंगळुरूत पेट्रोल सुमारे १०३ रुपये, तर डिझेल सुमारे ९१ रुपये झाले. अंतर बारा रुपयांवर आले. तरीही डिझेलचा फायदा पूर्णपणे लोपलेला नाही, कारण डिझेल इंजिन एका लिटरमध्ये अधिक अंतर कापते. मात्र हा फायदा पदरात पडण्यासाठी पुरेसे किलोमीटर व्हावे लागतात.

दोन कुटुंबे, दोन हिशेब

उदाहरणादाखल सरस्वतीपुरम भागातील एका कुटुंबाची कल्पना करू. मुलांची शाळा, कार्यालय, देवराज मार्केट मिळून दररोज बारा किलोमीटर, वर्षातील तीनशे दिवस, असे ३,६०० किलोमीटर झाले. गणपतीला आणि मे महिन्याच्या सुटीत कोल्हापूर. जाऊन-येऊन सुमारे चौदाशे, म्हणजे दोन फेऱ्यांचे २,८००. चामुंडी टेकडी, मडिकेरी, श्रीरंगपट्टण अशा सहलींसाठी ६०० धरले, तर वर्षाची बेरीज ७,००० किलोमीटर होते.

दुसऱ्या कुटुंबातील कर्ता नोकरीसाठी दररोज मंड्याला जातो. जाऊन-येऊन सुमारे नव्वद किलोमीटर. वर्षातील अडीचशे दिवसांचे २२,५०० किलोमीटर.

आता समान वयाच्या व समान स्थितीतील दोन गाड्या घेऊ. पेट्रोल गाडी लिटरमागे १५ किलोमीटर व डिझेल गाडी २० किलोमीटर चालते, असे मानू. वरील दरांनुसार पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सुमारे ६ रुपये ८५ पैसे, तर डिझेलचा ४ रुपये ५५ पैसे येतो. बचत किलोमीटरमागे २ रुपये ३० पैसे. डिझेल गाडीच्या देखभालीसाठी वर्षाला पाच हजार रुपये जादा धरू आणि तिची किंमत एक लाख रुपयांनी अधिक आहे, असे समजू.

हे एक लाख रुपये कर्जाऊ घेतले, तर ११ टक्के दराने पाच वर्षांत व्याजासह सुमारे १,३०,००० रुपये फेडावे लागतात. बाजारात किंमत विचारताना हे वरचे तीस हजार सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत.

पहिल्या कुटुंबाची इंधनातील बचत वर्षाला १६,१०० रुपये; देखभालीचे पाच हजार वजा जाता ११,१०० उरतात. पाच वर्षांचे झाले ५५,५००. जादा खर्च १,३०,०००. म्हणजे सुमारे पाऊण लाखाचा तोटा. दुसऱ्या कुटुंबाची निव्वळ बचत वर्षाला ४६,७५० रुपये, पाच वर्षांत २,३३,७५०. म्हणजे एक लाखाहून अधिक नफा. दोन्ही कुटुंबांपुढे असलेल्या गाड्या त्याच. उत्तरे मात्र परस्परविरुद्ध. या उदाहरणातील समतोलाचा बिंदू वर्षाला सुमारे १३,५०० किलोमीटर, म्हणजे महिन्याला साधारण ११२५ किलोमीटर इतका येतो.

गाडी पुन्हा विकताना जादा किमतीचा काही भाग परत मिळू शकतो, हे खरे. तितक्या प्रमाणात हा बिंदू खाली येईल. आकडे प्रत्येकाचे निराळे असतील. पद्धत हीच राहील. खरेदीपूर्वी एक महिना घरातील सर्व प्रवास वहीत टिपून ठेवावा आणि वर्षातील लांबच्या फेऱ्या त्यात स्वतंत्रपणे मिळवाव्यात. कोणत्याही विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षा ही वही अधिक विश्वासार्ह ठरते.

इंजिनाचा स्वभाव

केवळ पैशाच्या हिशेबाने हा विषय संपत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही प्रदूषण मानके लागू झाली. त्यांची पूर्तता करण्यासाठी डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी बसविण्यात आली, तिला डी.पी.एफ. म्हणतात. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी इंजिन पुरेसे तापून काही काळ एकसारख्या वेगाने चालावे लागते. म्हैसूर-बेंगळुरू द्रुतगती मार्गावर नियमित धावणाऱ्या गाडीला हे सहज साधते. शाळा ते घर, घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत मात्र गाळणी तुंबण्याचा संभव असतो आणि ती बदलण्याचा खर्च मोठा असतो.

२०२० पूर्वीच्या बहुतेक लहान डिझेल मोटारींना ही गाळणी नाही. पूर्वी पुण्याजवळील रांजणगाव येथेही तयार झालेले फियाटचे १.३ लिटरचे इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असल्याने त्याची दुरुस्ती जाणणारे कारागीर ठिकठिकाणी आढळतात. परंतु मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्या, म्हणजे त्या कंपनीची सर्वांत अलीकडची डिझेल गाडीही आता जुनी होत चालली आहे. अशा वयात इंजेक्टर, टर्बो व क्लच यांपैकी एखादा भाग जरी बदलावा लागला, तरी वर्षभराची इंधन-बचत एका फटक्यात संपू शकते.

डिझेल गाडी पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. आठ वर्षांची डिझेल गाडी केवळ तीस हजार किलोमीटर चालल्याचे दिसत असेल, तर आनंद मानण्याआधी शंका घ्यावी. कमी प्रवास करणाऱ्याने डिझेल गाडी का घेतली असावी? एक तर काट्यात फेरफार झालेला असतो किंवा गाडी आखूड फेऱ्यांत झिजलेली असते. सर्व्हिसिंगच्या जुन्या नोंदी, पेडलवरील रबराची झीज व टायरांचे वय यांवरून सत्य बहुधा समजते. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावी. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, तर सततचा काळा धूर इंधनपुरवठ्यातील बिघाडाचे लक्षण असू शकतो. विश्वासू मेकॅनिकला दिलेले तपासणी-शुल्क हा खर्च नसून विमाच होय.

पेट्रोल गाडीची दुसरी बाजू

कमी प्रवासासाठी पेट्रोल योग्य असले, तरी तेथेही डोळसपणा हवा. २०२५ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागले. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या या मिश्रणासाठी बनविलेल्या नाहीत. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींची इंधन-क्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या २०२१ च्या अहवालात नोंदविला आहे. म्हणून जुन्या पेट्रोल गाडीचा हिशेब करताना लिटरमागील किलोमीटर थोडे कमीच धरावेत आणि इंधनाच्या रबरी नळ्या अवश्य तपासून घ्याव्यात.

कागदपत्रे : दुर्लक्ष नको

इंधन कोणतेही असो, कागदपत्रांतील चूक सर्वांत महाग पडते. नोंदणी प्रमाणपत्रावर पूर्वीच्या बँकेच्या नजरगहाणाची नोंद असल्यास, कर्जफेडीचे पत्र व फॉर्म ३५ यांच्या आधारे ती रद्द झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व फॉर्म ३० भरून प्रादेशिक परिवहन कार्यालयात सादर करावे लागतात. केवळ सह्या घेऊन कागद कपाटात ठेवणे दोघांनाही धोक्याचे आहे. नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. गाडी विकूनही नाव न बदललेल्या व्यक्तीवर अपघाताच्या नुकसानभरपाईचा बोजा येऊ शकतो, तो यामुळेच.

विम्याचे हस्तांतरण चौदा दिवसांच्या आत मागावे. 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसून मालकाचा असतो. तो नव्या मालकाकडे येत नाही.

महाराष्ट्रातील नातलगाची गाडी स्वस्तात मिळते म्हणून म्हैसुरात आणणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवायची असल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक आवश्यक असतो आणि कर्नाटकाचा आजीवन कर निराळा भरावा लागतो. ही रक्कम किमतीत मिळविल्यावर 'घरची गाडी' स्वस्त उरतेच, असे नाही. तसेच नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होताच ती नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे. गाडीचे वय व कर्जाची मुदत यांचा मेळ त्या दृष्टीनेही घालावा.

समारोप

जुन्या गाडीसाठी कर्जाचा व्याजदर बहुधा नव्या गाडीपेक्षा अधिक व मुदत कमी असते. म्हणून हप्ता ठरविताना इंधन, विमा, देखभाल व अचानक उद्भवणारी दुरुस्ती यांची तरतूद आधी करून मगच कर्जाची रक्कम निश्चित करावी. सर्व बचत गाडीत घालून दुरुस्तीसाठी हाती काहीच न उरणे, ही मध्यमवर्गीय कुटुंबाची नेहमीची अडचण आहे. हिशेब केल्यास ती टाळता येते.

वर्षाला सात हजार किलोमीटर फिरणाऱ्याने डिझेलचा मोह आवरावा. वीस हजारांहून अधिक फिरणाऱ्याने केवळ ऐकीव भीतीपोटी डिझेल नाकारू नये. आणि तेरा-चौदा हजारांच्या आसपास असणाऱ्याने इंधनापेक्षा गाडीची स्थिती पाहून निवड करावी. एवढे केले, तर खंडेनवमीला दारात उभी राहणारी मोटार पुढील खंडेनवमीलाही कुटुंबाला भार वाटणार नाही.