मूल सुटलं, पण चूल?

महिन्याचा हिशेब मांडणाऱ्या बाईला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. घरात येणारे पैसे थोडे जरी कमी झाले, तरी तो खड्डा कुठून तरी भरावाच लागतो. दूध कमी करा, नाहीतर वाण्याची उधारी वाढवा. बालमजुरीविषयी बोलताना मात्र आपण नेमका हाच हिशेब विसरतो. ‘बंद करा’ म्हणणं सोपं आहे. पण त्या मुलाच्या आईच्या हिशेबातला खड्डा कोण भरणार?

बांगलादेशात हा धडा फार महाग पडला. तिथल्या कारखान्यांत परदेशी बाजारासाठी कपडे शिवले जातात. १९९० च्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या मुली तिथे सर्रास कामाला असत. १९९२ साली अमेरिकेचे सिनेटर टॉम हार्किन यांनी, मुलांच्या श्रमातून तयार झालेला माल देशात येऊ द्यायचा नाही, असं विधेयक मांडलं. ते मंजूर झालंच नाही, पण नुसत्या धास्तीनं मालकांनी मुलांना काढून टाकलं. युनिसेफच्या अंदाजानं ही मुलं पन्नास हजारांच्या घरात होती. ती शाळेत गेली असं वाटलं ना तुम्हाला? कोणी खडी फोडायला गेलं, कोणी रस्त्यावर वस्तू विकायला लागलं. काही मुली तर देहविक्रीच्या बाजारात पोचल्या. हेतू चांगला होता, पण चुलीचा विचार झाला नव्हता.

जुलै १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून करार केला. आधी शाळा, मग कामावरून सुटका, असा क्रम ठरला. शाळेत जाणाऱ्या मुलाला दरमहा ३०० टका मिळू लागले, आणि जमेल तिथे त्याची जागा घरातल्याच मोठ्या माणसाला द्यायची असं ठरलं. ३०० टक्यांनी पगाराची बरोबरी होत नव्हती, तरी हजारो मुलं शाळेत बसली. शिक्षक, विद्यावेतन, कारखान्यांची तपासणी, या सगळ्याला पैसा लागला. तो या तिघांनी उभा केला, आणि तपासणीच्या खर्चाला अमेरिकेच्या श्रम खात्यानंही हातभार लावला.

सक्तीच्या मजुरीचंही तसंच. उझबेकिस्तानात कापूस वेचणीच्या हंगामात सरकारच लोकांना शेतात पाठवी. लहान मुलं तर जातच, पण त्यांचे शिक्षक आणि दवाखान्यातल्या नर्सेसही जात. मी स्वतः अर्धवेळ शिकवते. वर्गाला कुलूप लावून कापूस वेचायला चला, असा हुकूम येणं मला कल्पनेतही झेपत नाही. बाहेरचा बहिष्कार, देशातल्या धीट माणसांची धडपड, सरकारचं बदललेलं धोरण आणि परदेशी निधीवर चालणारी वर्षानुवर्षांची पाहणी, या सगळ्यांतून ती पद्धत मोडली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं तसं जाहीर केलं.

म्हणजे हा पैसा वाया जातो असं नाही. २००० साली जगात २४ कोटी ६० लाख बालमजूर होते; २०२४ मध्ये ती संख्या १३ कोटी ८० लाखांवर आली. अशा वेळी, मार्च २०२५ मध्ये, अमेरिकेच्या श्रम खात्यानं परदेशांतल्या अशा कामांसाठीची ५० कोटी डॉलरहून जास्त रकमेची अनुदानं रद्द केली. दुसऱ्या देशांतल्या मुलांसाठी आमच्या करदात्यांनी पैसा का द्यावा, हा तिथल्या लोकांचा प्रश्न गैर नाही. पण त्या मुलांनी केलेला स्वस्त माल जर आपल्या घरात येतो, तर त्यांच्या शाळेचा खर्चही थोडा आपल्याकडे येणारच की!

आपला देशही या मदतीला अनोळखी नाही. जर्मनीच्या पैशांवर १९९२ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या सहा देशांत भारत होता. पुढे भारत आणि अमेरिका यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून चार कोटी डॉलरचा प्रकल्प राबवला, तो महाराष्ट्रातही चालला.

आता राहिलं आपलं घर. ‘गावाकडची एखादी मुलगी आणू, चार घास खाईल, बाळाला सांभाळेल,’ असं अजूनही बोललं जातं. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे. शेजारी असं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करावा, तो फुकट लागतो. आणि आपल्याला खरोखरच मदतनीस हवी असेल, तर त्या मुलीच्या आईला पुऱ्या पगारावर ठेवावं. जमलं तर मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचलावा. ढाक्यात जे मोठमोठ्या संस्थांनी केलं, तेच हे, एका घरापुरतं.