रवंथ न करणाऱ्यांचे पोट

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. गाय घ्यायला आलेला माणूस दात पाहतो, कास पाहतो, चाल पाहतो. आणि मुरलेला असेल तर ती निवांत रवंथ करते आहे ना, याकडेही त्याचे लक्ष असते. रवंथ करणे बंद झाले म्हणजे जनावराचे पोट बिनसले, हे गोठ्यात वाढलेल्या पोरालाही कळते. स्वतःच्या पोटाबद्दल मात्र माणसे इतकी जागरूक नसतात.

मोठ्या गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त ऐवज मावतो. तिथले असंख्य सूक्ष्मजीव कडबा आणि गवत आंबवतात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. गायीला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश वाटा याच आम्लांचा. कोरडा कडबा खाऊन दूध देण्याची करामत गायीइतकीच या सूक्ष्मजीवांचीही आहे.

माणसाकडेही अशी आंबवण्याची जागा आहे, फक्त ती शेवटच्या टोकाला. साखर, पिष्ट, प्रथिने लहान आतड्यातच पचून शोषली जातात. धान्याचा कोंडा, डाळीची साले, भाजीतले तंतू यांतले जे तिथे पचत नाही, ते मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जिवाणू त्यातून हीच तीन आम्ले बनवतात. ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन. न आंबणारे तंतू पाणी धरून ठेवतात आणि मल पुढे सरकवतात. पण अशा आंबवणीतून माणसाला मिळणारी ऊर्जा जेमतेम दहाव्या हिश्शाची. म्हणून माणूस पाल्यावर जगू शकत नाही. आणि पाला, कोंडा, साल सगळेच ताटातून काढून टाकले, तर जिवाणू उपाशी राहतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू आहेत, गव्हाच्या आट्यात 11 च्या वर, तर मैद्यात आणि सडलेल्या तांदळात तीनही भरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू आणि 400 ग्रॅम फळे-भाज्या सांगते. नगर-सोलापूर पट्ट्यात रब्बीची शाळू ज्वारी पिकते. गिरणीतून दळून आणलेल्या तिच्या पिठातून कोंडा वेगळा काढला जात नाही, त्यामुळे दोन भाकरी आणि उसळ एवढ्यातच निम्म्याहून अधिक काम होते. सकाळच्या भाकरीची जागा चहा-खारीने घेतली, तिथे हा हिशेब बिघडला.

पदार्थ अख्खा असण्याने काय फरक पडतो, हे दाखवणारा एक साधा प्रयोग 1977 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. ब्रिस्टलच्या संशोधकांनी त्याच माणसांना कधी अख्खी सफरचंदे, कधी त्यांचा गर, तर कधी रस दिला. साखर तिन्हींत सारखीच. रस सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने पोटात गेला, पोट भरल्याची भावना सर्वांत कमी रसाने आली आणि रसानंतर रक्तातले इन्सुलिनही जास्त चढले. श्रीगोंदा तालुका उसाचा. कांडे दाताने सोलून खायला किती वेळ लागतो आणि रसवंतीतला ग्लास किती क्षणांत रिकामा होतो, हे तिथे कोणाला सांगावे लागणार नाही.

इथवर गोष्ट अख्ख्या अन्नाची झाली. कच्च्या अन्नाची गोष्ट वेगळी आहे, आणि हल्ली या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा, मुळा, शेंगदाण्याचे कूट घातलेला मेथीचा घोळाणा, वर लिंबू: हे कच्चे खाणे जुने आणि शहाणपणाचे आहे. कांद्यातले फ्रुक्टन नावाचे तंतू आतड्यातल्या जिवाणूंना आवडतात. क जीवनसत्त्व उष्णतेने घटते, म्हणून लिंबू ताटात वरून पिळणेच बरे. शिवाय ज्वारीतले फायटेट लोह अडवून धरते आणि लिंबाचे आम्ल ते शोषायला मदत करते. श्रीगोंद्याचे शेतकरी कागदी लिंबू पिकवतात. भाकरी आणि लिंबू एकाच शिवारातून यावेत, हा मोठाच सोयीचा योग. उलट गाजरातले कॅरोटीन आणि टोमॅटोतले लायकोपीन शिजवून, थोड्या तेलाबरोबर खाल्ले तर अंगी अधिक लागते.

कच्चे ते सगळे पोषक, असे मानणाऱ्याने गुराख्याला विचारावे. ज्वारीचे कोवळे किंवा सुकत चाललेले पीक गुरांनी खाल्ले की त्यांना किराळ लागते. कोवळ्या धाटात सायनाइड सोडणारे द्रव्य असते, जनावर तासाभरातही दगावू शकते. राजमा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला तर मोजक्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब सुरू होतात. तो भिजवून, पाणी फेकून, खळखळा उकळावाच लागतो.

काष्टीहून दौंडमार्गे पुण्याकडे निघाले की वाटेत उरुळी कांचन लागते. तिथला निसर्गोपचार आश्रम 1946 साली महात्मा गांधींनी सुरू केला. त्याआधी 1929 मध्ये त्यांनी स्वतःवर न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता: मोड आलेले धान्य, बदाम, कच्ची भाजी, लिंबू. ‘यंग इंडिया’त त्याबद्दल उत्साहाने लिहिलेही. पुढे पोट बिघडले, अशक्तपणा आला आणि काही महिन्यांतच त्यांनी प्रयोग थांबवला. त्यांची चिकाटी सगळ्यांना माहीत आहे. तरी पोटापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. जर्मनीतल्या गीसेन इथल्या संशोधकांनी 1999 साली वर्षानुवर्षे कच्चे खाणाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा 45 वर्षांखालच्या सुमारे 30 टक्के बायकांची मासिक पाळी अनियमित किंवा बंद झालेली आढळली. वजन जितके उतरलेले, तितका हा त्रास जास्त.

स्वच्छतेचा मुद्दा आणखी निराळा. 2011 साली जर्मनीत ई-कोलायच्या साथीत 50 हून अधिक माणसे मेली. माग काढत तपास पोचला तो मोड आलेल्या मेथीपर्यंत, इजिप्तहून आलेल्या बियाण्यापर्यंत. बियांना मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. मटकीची उसळ शिजवून खाण्याची पद्धत म्हणूनच मोलाची आहे. घोळाण्याची मेथी वाहत्या पाण्यात नीट धुवावी. गरोदर बायका, लहान मुले आणि आजारी माणसांना कच्चे मोड देऊच नयेत.

बिस्किटांवरून एकदम भाकरी-उसळीवर आलेल्याचे पोट पहिले काही दिवस फुगते. प्रमाण हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे. ज्यांना कच्च्या कांद्याने नेहमीच कळ येते, त्यांनी हट्ट करू नये. तो परतून पाहावा, आणि तरीही त्रास झाला तर वगळावा. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणाऱ्यांना मात्र एक फायदा न मागता मिळतो. भाकरी गार होताना तिच्यातल्या पिष्टाचा काही भाग असा घट्ट बसतो की तो लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातो. आणि तव्यावर पुन्हा गरम केली तरी त्यातला बराचसा तसाच राहतो.